भाऊ दाजींची मुंबई

मुंबईत चाकरीला राहिलेल्या कोकणी माणसाकडे गावचा पाहुणा आला, की येत्या रविवारी त्याला राणीचा बाग दाखवून आणण्याची रीत जुनी आहे. बांदा, सावंतवाडी, कुडाळ या बाजूच्या घरांतून ती पिढ्यान् पिढ्या चालत आली. पूर्वी वाघ-सिंह पाहण्यासाठी गर्दी होई, आता ती पेंग्विनसाठी होते. भायखळ्याच्या त्या बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव देऊनही बराच काळ लोटला. लोकांच्या तोंडी मात्र राणीचा बागच राहिला आहे. त्या बागेच्या दाराशी संग्रहालयाची एक भारदस्त इमारत उभी आहे. तिच्यावर डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव आहे. बरीचशी कुटुंबे ते वाचून न वाचून पिंजऱ्यांकडे वळतात. हे नाव ज्यांचे, ते गृहस्थ बांद्याच्या शेजारच्या पेडणे महालातले होते, हे बांद्याहून गेलेल्या पाहुण्यालाही ठाऊक असतेच असे नाही.

बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की पेडणे तालुका लागतो. आज तेथे राज्याची सीमा आहे. परंतु पेडणे हा मुळात सावंतवाडीकर भोसल्यांचा मुलूख. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो पोर्तुगीजांकडे गेला. या तालुक्यातील समुद्रकाठच्या मांद्रे गावी १८२२ च्या सुमारास रामकृष्ण विठ्ठल लाड यांचा जन्म झाला. पुढे सारी मुंबई ज्यांना भाऊ दाजी म्हणून ओळखू लागली ते हेच. घरची स्थिती गरिबीची होती. मातीच्या बाहुल्या करून विकण्यावर कुटुंबाची गुजराण चाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पोटापाण्यासाठी हे कुटुंब मुंबईस आले. मुलाचे बुद्धिबळातील चातुर्य एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस पडले आणि त्याने वडिलांना मुलास इंग्रजी शिकवण्याचा सल्ला दिला. बुद्धिबळाच्या पटावरून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या बाकावर झालेला हा प्रवास योगायोगाचा खरा. पण नव्याने वाढणाऱ्या शहरात असे योगायोग घडू शकत होते, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

भाऊंनी त्या संधीचे सोने केले. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येच्या चालीवर त्यांनी निबंध लिहून पारितोषिक मिळवले. काही काळ एल्फिन्स्टनमध्येच शिक्षकाची नोकरी केली आणि नंतर १८४५ साली निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते विद्यार्थी म्हणून दाखल झाले. १८५१ मध्ये त्या कॉलेजातून पदवीधरांची जी पहिली तुकडी बाहेर पडली, तीत अवघे आठ जण होते. भाऊ त्यांतले एक. धाकटे बंधू नारायण दाजी हेही तेथूनच डॉक्टर झाले आणि दोघा भावांनी मुंबईत गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. श्रीमंतांच्या घरी भाऊंना मोठी फी मिळे. दवाखान्यातील रांगेकडून ते काही घेत नसत. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या या डॉक्टराने संस्कृत वैद्यकग्रंथांकडे पाठ फिरवली नाही. त्यांत सांगितलेली औषधे तो प्रत्यक्ष रोग्यावर पारखून पाही. महारोगावर त्यांनी कडू कवठीच्या बियांचे तेल वापरले. हे झाड कोकणच्या आणि सह्याद्रीच्या रानांत आपोआप वाढते. या उपचाराची नेमकी रीत मात्र त्यांनी दीर्घकाळ उघड केली नाही. ज्ञान सार्वजनिक व्हावे म्हणून झटणाऱ्या माणसाच्या चरित्रात ही गोष्ट विसंगत वाटते, आणि ती तशीच नोंदली पाहिजे.

१८५२ च्या ऑगस्टात बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. राज्यकर्त्यांपुढे येथील रहिवाशांचे म्हणणे मांडणारी ही मुंबईतील पहिली राजकीय संस्था. भाऊ तिच्या चिटणिसांपैकी एक होते. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या आणि मुलींच्या शाळा चालवणाऱ्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचे ते पहिले भारतीय अध्यक्ष झाले. पुढे त्यांच्या चाहत्यांनी निधी उभारून त्यांच्या नावाने मुलींची एक शाळाही चालवली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले तेव्हा मूळच्या फेलोंत त्यांचे नाव होते. १८६२ साली गाजलेल्या महाराज बदनामी खटल्यात करसनदास मुळजी यांच्या बाजूने त्यांनी डॉक्टर म्हणून साक्ष दिली. धनिक अनुयायी असलेल्या धर्मगुरूविरुद्ध कोर्टात उभे राहणे व्यवसायाच्या दृष्टीने शहाणपणाचे नव्हते. एवढी कामे एका माणसाने रोगी तपासून उरलेल्या वेळात केली, याचे आजच्या वाचकाला नवल वाटेल. वस्तुतः ती एकट्याने केलेली नव्हतीच. नाना शंकरशेट, दादाभाई नौरोजी, नौरोजी फर्दुनजी अशा हिंदू-पारशी मंडळींचा एक मेळ त्या काळी मुंबईत जमला होता. कोणत्याही सभेच्या वृत्तान्तात तीच नावे पुनःपुन्हा भेटतात.

या मंडळींना एक गोष्ट लवकर उमगली होती. शहरात माणसे पोटासाठी येतात. परंतु ते शहर त्यांना आपले वाटावयाचे, तर पोटाखेरीज दुसऱ्या कशासाठी तरी एकत्र जमण्याची जागा तेथे हवी. गावात ती आयती असते. तळकोकणात जत्रा येते, देवळापुढे दशावतार उभा राहतो आणि रात्रभर सारा गाव तेथे असतो. कोणी तिकीट काढत नाही, कारण खर्च देवस्थानाचा आणि मानकऱ्यांचा. मुंबईत कोणाचे देवस्थान आणि कोण मानकरी? सांगलीचे विष्णुदास भावे आपली नाटकमंडळी घेऊन १८५३ मध्ये मुंबईस आले, त्या वेळी हाच प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. प्रारंभीचे खेळ गिरगावात खासगी जागेत झाले. नाना शंकरशेटांच्या जमिनीवर बांधलेले ग्रँट रोडचे नाट्यगृह इंग्रजी खेळांसाठी होते. तेथे भाव्यांच्या मराठी नाटकाचा प्रवेश व्हावा म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत भाऊ दाजी प्रमुख होते. त्या वर्षाच्या मार्चमध्ये तेथे तिकीट लावून प्रयोग झाला. पुढच्याच महिन्यात बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली. इतिहासकार आगगाडीचीच नोंद ठळकपणे करतात. पण तिकिटाचे पैसे मोजून परक्या जातीच्या, परक्या गावच्या माणसाशेजारी बसणे ही गोष्ट मुंबईकर त्याच सुमारास दोन ठिकाणी शिकत होता, हे विसरता कामा नये.

संग्रहालयाची कथा याहून लांबलचक आणि अधिक उद्बोधक आहे. लंडनचे १८५१ चे आणि पॅरिसचे १८५५ चे जागतिक प्रदर्शन यांसाठी येथून माल पाठवताना त्याचे नमुने मुंबईतही राहावेत अशी कल्पना निघाली आणि किल्ल्यातील टाऊन बराकीत एक संग्रहालय सुरू झाले. त्याच्या लांबलचक नावात सृष्टिविज्ञान, भूगर्भ, उद्योग आणि कला यांच्या जोडीला अर्थव्यवहार हाही शब्द होता. हा प्रांत काय पिकवतो, काय विणतो, काय घडवतो, हे लोकांच्या नजरेसमोर मांडावे, असा हेतू. १८५७ च्या धामधुमीत ती जागा लष्कराला हवी झाली. वस्तू घाईघाईने टाऊन हॉलमध्ये हलवल्या गेल्या आणि त्यात पुष्कळ नासधूस झाली. तेव्हा १८५८ मध्ये नाना शंकरशेट, डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि भाऊ दाजी यांनी नवे संग्रहालय आणि बाग यांसाठी नागरिकांकडे वर्गणी मागितली. राणीने राज्यकारभार हाती घेतल्याचे निमित्त त्यांनी साधले आणि नावही राणीचेच दिले. हे राजनिष्ठेचे प्रदर्शन आज कोणास रुचणार नाही. तथापि त्या नावाखाली जे उभे राहणार होते ते सर्वांसाठी उघडे असणार होते, आणि वर्गणीदारांच्या यादीत सर्व जातिधर्मांचे लोक होते. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते कोनशिला बसली. त्याच दिवशी बागही लोकांसाठी खुली झाली.

येथून पुढे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे असा भाग येतो. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी पेटली, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मुंबईहून जाणाऱ्या कापसाला अवाच्या सवा भाव आला. पैशाचा असा पूर आला, की तो कोठे जिरवावा हे कोणास कळेना. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, आणि केवळ इतर कंपन्यांच्या समभागांवर कर्ज देणाऱ्या कंपन्याही निघाल्या. बॅक बे कंपनीच्या समभागाचा भाव हा घरोघर बोलण्याचा विषय झाला. व्यापारी, वकील, कारकून, सारेच सट्ट्यात उतरले. डॉक्टर भाऊ दाजीही उतरले. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील लढाई संपली, कापूस कोसळला, आणि १ जुलै हा मुदतीच्या सौद्यांचा दिवस उजाडला तेव्हा देणी फेडण्यास कोणाजवळच पैसा नव्हता. सरकारचा पैसा जिच्यात होता ती बँक ऑफ बॉम्बेदेखील पुढे बुडाली. भाऊंनी वर्षानुवर्षांच्या व्यवसायात मिळवलेली संपत्ती त्या लाटेत गेली. जुलै संपता संपता नाना शंकरशेट वारले. भायखळ्याच्या इमारतीचे काम थांबले. वर्गणी देणारे हातच रिकामे झाले होते.

नागरी अभिमानाचा पाया किती ठिसूळ असू शकतो हे या प्रसंगाने दाखवले. फुगलेल्या बाजारातून आलेली देणगी बाजारासारखीच वागते. आपल्याकडे नाना आणि भाऊ यांच्या दानशूरतेचे गोडवे गाताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही. ती इमारत अखेर सरकारच्या पैशाने पुरी झाली, आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय उघडले. पुढच्या वर्षी बागेची व्यवस्था नगरपालिकेकडे आली. आरंभ वर्गणीने, शेवट करातून, आणि सांभाळ नगरपालिकेकडून, असा हा क्रम आहे. मुंबईतच नव्हे, तालुक्याच्या गावातील वाचनालयापर्यंत अनेक संस्थांच्या बाबतीत तो तसाच आढळतो. नुसत्या वर्गणीवर किंवा नुसत्या अनुदानावर फार काळ काही तगत नाही.

आर्थिक घाव बसल्यावर भाऊ सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले असते तर नवल नव्हते. नेमके उलट घडले. १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७१ मध्ये त्यांना मुंबईचे शेरीफ नेमण्यात आले. नागरिकांनी मागणी केली की जाहीर सभा बोलावणे हे शेरीफचे काम. शहराचा आवाज ज्याच्या हाकेने एकत्र यावयाचा, त्या जागी एका बुडालेल्या गुंतवणूकदाराला दोनदा बसवण्यात आले. त्या काळच्या मुंबईत माणसाची पत आणि माणसाची प्रतिष्ठा ही दोन निरनिराळ्या वह्यांत लिहिली जात असावीत. भाऊंचा सट्टा समर्थनीय ठरतो असे मात्र यावरून कोणी समजू नये.

त्यांचा रात्रीचा वेळ संशोधनात जाई. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत त्यांनी कालिदासाच्या काळावर, अजिंठ्याच्या आणि गिरनारच्या शिलालेखांवर निबंध वाचले. लेखांचे ठसे आणि हस्तलिखिते मिळवण्यासाठी पदरचे पैसे खर्चून दूरदूर माणसे धाडली. १८७४ च्या मे महिन्यात ते वारले तेव्हा पन्नाशी नुकतीच उलटली होती. त्यांचे निबंध चौदा वर्षांनी, १८८८ मध्ये, मुंबईत नव्हे तर कलकत्त्यात ग्रंथरूपाने निघाले. ज्या शहरावर त्यांनी जीव लावला त्याने हे काम परक्यावर सोडले, ही मुंबईला शोभणारी गोष्ट नव्हे.

राहिला प्रश्न बागेतल्या रविवारचा. भाऊंच्या हयातीत बाग उघडली, संग्रहालय उघडले, परंतु भोवतालच्या गिरण्यांत राबणाऱ्यांना तेथे जाण्यास दिवसच नव्हता. कचेऱ्यांना रविवारी सुट्टी असे. गिरणीचा भोंगा रविवारीही वाजू शके. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी कबूल केली ती जून १८९० मध्ये, म्हणजे बाग खुली झाल्यावर अठ्ठावीस वर्षांनी. नाना-भाऊंच्या पिढीने जागा दिली, वेळ मात्र कामगारांना स्वतः झगडून मिळवावा लागला. त्या गिरण्यांत तळकोकणातील माणसे मोठ्या संख्येने होती. त्याच रविवारी ती परळ-लालबागच्या चाळींतील गावकीच्या खोल्यांत जमत, गावातील देऊळ आणि शाळा यांसाठी वर्गणी गोळा करत, आणि वेळ उरला तर पोरांना घेऊन राणीच्या बागेत जात. मुंबईच्या पैशातून गाव बांधणाऱ्या या माणसांना शहराचा अभिमान नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. शहराच्या वर्गणीची पावती मात्र त्यांच्याकडे कोणी नेली नव्हती.

संग्रहालयात माणसांच्या वेशभूषेच्या आणि व्यवसायांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. त्या भाऊंच्या पश्चात तयार झाल्या. बाहुल्या विकणाऱ्या घरातून आलेल्या माणसाच्या संग्रहालयात त्या असाव्यात, हा निव्वळ योगायोग. इमारतीचे व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट हे नाव शंभराहून अधिक वर्षे टिकले. १ नोव्हेंबर १९७५ रोजी महानगरपालिकेने तेथे भाऊंचे नाव दिले. पुढे २००३ पासून खासगी प्रतिष्ठान आणि वारसा जपणारी संस्था यांच्या साहाय्याने पालिकेने इमारतीचा जीर्णोद्धार हाती घेतला आणि २००८ मध्ये ती पुन्हा खुली केली. आत गेल्यावर दिसतो तो डेव्हिड ससून यांच्या देणगीतून आलेला राजपुत्र अल्बर्टचा संगमरवरी पुतळा. तो अजून त्याच जागी उभा आहे.