शाहू महाराज आणि खंड्या

सातारच्या शाहू महाराजांचे (१६८२–१७४९) नाव निघाले की पाठोपाठ पेशव्यांचे नाव येते, आणि महाराज मागे पडतात. रायगड पडल्यावर, १६८९ साली, वयाच्या सातव्या वर्षी ते मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या हाती लागले. पुढची सुमारे अठरा वर्षे छावणीच्या पहाऱ्यात गेली. १७०७ साली सुटका व १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास राज्याभिषेक झाला; येसूबाईंना मात्र १७१९ पर्यंत परतता आले नाही.

शिकार, पक्षी, बागा आणि कुत्री यांचा महाराजांना मोठा नाद. त्यांतील खंड्या आजही लोकांच्या तोंडी आहे. शिकारीत वाघ अंगावर आला असता त्याने धन्याचे प्राण वाचविले, अशी कथा आहे. महाराजांनी त्याला जहागिरीची सनद व पालखीचा मान दिला. एकदा सरदार भेटीस आले, तेव्हा कुत्र्याला जर व जवाहीर लेववून दरबारात आणविले आणि वर स्वतःची पगडी चढविली. त्यानंतर त्यांनी डोईला पगडी घातली नाही, असे सांगतात. ग्रँट डफने हा सारा प्रकार बुद्धिभ्रमात जमा केला आहे. हा निकाल मला घाईचा वाटतो. १७२० साली एकोणीस वर्षांच्या बाजीरावास पेशवाई देणारा, आणि ज्याच्या घराण्याचा अंमल पुढे वैनगंगाकाठच्या बालाघाटच्या मुलखावर बसला त्या नागपूरकर रघूजीस वर आणणारा हा राजा माणसे चांगली पारखीत होता. आज या गोटात, उद्या त्या गोटात जाणाऱ्या मानकऱ्यांपुढे त्याने मुद्दाम एक इमानी प्राणी बसविला असेल, तर त्याला वेड का म्हणावे?

अर्थात दरबारी मान वेगळा आणि रोजची निगा वेगळी. हल्ली हौसेने पाळतात त्या लांब केसांच्या इवल्याशा टेरियरला सनद नको, फणी हवी. रोज विंचरले नाही तर केसांच्या गाठी होतात, पावसाळ्यात आतली कातडी ओली राहून चिघळते, आणि गोचीड केसांत दडून बसते. कानामागे व बगलेत बोटे घालूनच पाहावे लागते. हे काम नोकरावर सोपविणाऱ्याने कुत्रे पाळूच नये.

कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीस, महाराजांची समाधी आहे. तेथेच खंड्याचीही आहे; वर दगडात कोरलेले बसलेले कुत्रे.