श्रममंदिर : पंडिता रमाबाईंचे केडगाव



जबलपूरहून इटारसीकडे जाणारी आगगाडी नर्मदेच्या खोऱ्यातून धावते. हिवाळ्यात लोहमार्गाच्या दुतर्फा गव्हाची शेते डोलत असतात. ती पाहिली म्हणजे याच प्रदेशात एकेकाळी माणसे भुकेने रस्त्याकडेला मरून पडत होती, हे मनाला पटत नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांताची अशी दशा झाली होती खरी. जबलपूर, दमोह, सागर हे जिल्हे त्यात होरपळून निघाले. १९०१ साली शिरगणती झाली तेव्हा जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा वाढण्याऐवजी घटलेली आढळली.

त्या दुष्काळाच्या वार्ता पुण्यात पोहोचल्या, आणि एक विधवा स्त्री मध्यप्रांताच्या वाटेला लागली. पांढरे लुगडे, आखूड कापलेले केस, कानांनी कमी ऐकू येणारे. पण त्या कानांनी भुकेल्यांचा आक्रोश मात्र अचूक ऐकला. त्या होत्या पंडिता रमाबाई. त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि भक्तीविषयी आपण पुष्कळ वाचले आहे. आज आपण त्यांच्या शेताकडे, विहिरींकडे आणि दगडमातीच्या बांधकामाकडे पाहू या. रमाबाईंची श्रद्धा तेथे जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल.

विद्या होती, पण भाकर नव्हती

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान. पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी समाजाचा रोष पत्करून संस्कृत शिकविले, आणि मातेने ती विद्या कन्येला दिली. भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीस मुखोद्गत होते. घरची संपत्ती दानधर्मात आणि तीर्थयात्रांत संपून गेली. मग हे कुटुंब गावोगाव फिरून देवळांत पुराण सांगू लागले. श्रोते जे देतील त्यावर त्यांचा निर्वाह चाले.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात अन्नधान्याची टंचाई भासू लागली आणि पुराण ऐकण्यास कोणी उरले नाही. दागिने गेले, भांडी गेली, वस्त्रे गेली. शेवटी रानातील पाल्यावर दिवस काढावे लागले. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. या घरात विद्येला तोटा नव्हता. परंतु हातांनी काम करून पोट भरण्याचे शिक्षण कोणासही मिळाले नव्हते. उच्च कुळातील माणसाने मजुरी करावी हे लज्जास्पद, आणि भीक मागावी हेही लज्जास्पद. अखेर भावाने तो अभिमान टाकून मजुरी करण्याचा निश्चय केला, पण तोवर वेळ निघून गेली होती. वडील गेले. पाठोपाठ आई अंथरुणाला खिळली.

आईला अन्नाचा ध्यास लागला होता. रमा शेजारच्या एका बाईकडे गेली, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी मात्र वाहू लागले. त्या बाईने ओळखले आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा हाती दिला. तो घेऊन मुलगी परतली. परंतु आईला तो खाण्याची शक्तीच उरली नव्हती. आई गेली, नंतर थोरली बहीणही गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास एवढीच दोघे उरली. हिंदुस्थानभर पायी हिंडत, कधी थंडीपासून बचावासाठी जमिनीत खड्डा करून त्यात झोपत, ती १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमेस पंडिता आणि सरस्वती या पदव्या देऊन गौरविले. पण त्या भाकरीच्या तुकड्याची आठवण कोणत्याही पदवीने पुसली गेली नाही.

केडगावची माळजमीन

पुढील घटना थोडक्यात सांगतो. १८८० साली भावाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये वैधव्य आले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिकेत त्यांनी आपल्या देशातील विधवांची कैफियत मांडली. तेथील मित्रांनी दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास आले.

१८९३ साली मोठे वादळ उठले. सदनातील काही मुलींचा ओढा ख्रिस्ताकडे झाला, तेव्हा धर्माविषयी तटस्थ राहण्याचे वचन मोडले असा आक्षेप पुण्यात घेतला गेला. सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष दूर झाले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे एवढेच होते की, त्या स्वतः प्रार्थना करीत असताना आपले दार बंद ठेवणार नाहीत. या वादात दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसे होती, हे आपण मान्य केले पाहिजे. पण रमाबाई एकाकी पडल्या हेही खरे.

त्यातच आणखी एक चिंता होती. अमेरिकेहून येणाऱ्या साहाय्याची दहा वर्षे १८९८ मध्ये संपणार होती. पुढे काय? रमाबाईंनी जे उत्तर शोधले ते एखाद्या शेतकऱ्याचे उत्तर होते. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्टेशनाजवळ त्यांनी सुमारे १०० एकर जमीन घेतली. हा भाग अवर्षणाचा. पाऊस अपुरा आणि जमीन उघडी. तेथे विहिरी खणाव्यात, संत्री, लिंबे, आंबे लावावेत आणि बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा त्यांचा बेत होता. ज्यांचे कुटुंब मजुरीच्या लाजेपायी उपाशी मेले, त्या पंडिता आता खड्डे, खत आणि मोट यांच्या हिशेबात गढून गेल्या.

तीनशे मुली आणि एक बाग

बाग अद्याप बाल्यावस्थेत होती तोच मध्यप्रांतात दुष्काळ पडला. जवळ पैसा नाही, जागा नाही. तरीही रमाबाई निघाल्या. तेथील अन्नछत्रे आणि मदतकेंद्रे त्यांनी स्वतः हिंडून पाहिली. निराधार तरुण मुली भुकेच्या मोबदल्यात कोणाच्या तावडीत सापडतात, हेही पाहिले. वीस वर्षांपूर्वी त्या स्वतः अशाच एक मुलगी होत्या. प्रभूने आपणास वाचविले ते कशासाठी, याचे उत्तर त्यांना त्या हाडांच्या सापळ्यांत मिळाले. सुमारे ३०० मुली आणि स्त्रिया त्यांनी तेथून आणल्या.

परंतु पुण्यात प्लेगची साथ सुरू झाली होती. अधिकाऱ्यांनी शहरात इतक्या जणींस ठेवण्यास मनाई केली. मग उरले केडगावचे शेत. तंबू उभारले गेले, झोपड्या बांधल्या गेल्या, आणि जी जमीन फळांसाठी घेतली होती तिच्यावर माणसांची लावणी झाली. बहुतेक मुली हिंदी बोलणाऱ्या. केडगावची मराठी त्यांना परकी. कित्येकजणी इतक्या खंगल्या होत्या की, अन्न मिळूनही वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांना स्नान करण्यापासून ते अंगावर वस्त्र नीट नेसण्यापर्यंत सारे शिकवावे लागले. भुकेने माणसाचा केवळ देह नव्हे, तर स्वभावही मोडतो. तो पुन्हा घडविण्यास फार धीर लागतो.

अशा रीतीने मुक्ती सदन उभे राहिले. १९०० साली गुजरात आणि राजपुतान्यातील दुष्काळातून आणखी शेकडो जणी आल्या. तेव्हा सदनातील एकूण संख्या सुमारे १९०० झाली. एक लहानसे नगरच म्हणा ना!

दगड, पाणी आणि माग

आता डोळ्यांसमोर आणा, १९०० माणसांना रोज दोन वेळा जेवू घालायचे म्हणजे काय? धान्य निवडणे, दळणे, भाकरी थापणे, पाणी ओढणे, कपडे धुणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे. यासाठी नोकरांची फौज ठेवणे शक्य नव्हते, आणि रमाबाईंची तशी इच्छाही नव्हती. दिवसाचा आरंभ प्रार्थनेने होई. पुढे शाळा आणि काम यांत दिवस वाटलेला असे. कोणी शेतात खुरपणी करी, कोणी दुभत्या जनावरांची निगा राखी. घाण्यावर तेल निघे, मागावर कापड विणले जाई, शिवणकाम चाले. अंध भगिनींसाठी बार्तीमी सदन होते. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली होती. त्या लिपीत अंध मुली वाचू लागल्या, आणि वेताच्या वस्तूही विणू लागल्या. वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी प्रीती सदन, आणि ज्यांना जगाने पतित म्हणून दूर लोटले अशांसाठी कृपा सदन. तेथे कोणालाही आपण निरुपयोगी आहोत असे वाटू नये, ही त्या रचनेतील खरी दयाबुद्धी.

बांधकाम तर वर्षानुवर्षे चालूच राहिले. विहिरी खणल्या गेल्या. त्या रखरखीत भागात, दुष्काळाच्या वर्षातही, एवढ्या जनसमुदायाला पाणी पुरले, याबद्दल मुक्तीतील लोक देवाची स्तुती करीत. राहण्याच्या इमारती, कोठारे, शाळा, रुग्णालय हळूहळू उभे राहिले. सर्वांत मोठे काम उपासनामंदिराचे. १८९९ साली त्याचा पाया घातला गेला. क्रूसाच्या आकाराचे हे दगडी मंदिर इतके विस्तीर्ण बांधले की, सदनातील सर्वजणी जमिनीवर बसून एकत्र उपासना करू शकतील. पाया घालताना पूर्ण खर्चाची तरतूद हाती नव्हती. जसजसे दान येत गेले तसतशा भिंती चढत गेल्या.

येथे नहेम्याची आठवण होते. यरुशलेमेचा कोट बांधताना प्रत्येक घराण्याने आपापल्या घरासमोरचा भाग बांधला, असे पवित्र शास्त्र सांगते. केडगावातही ज्यांना राहण्यास छप्पर नव्हते त्यांच्याच श्रमांवर ती वस्ती उभी राहिली. १९०५ साली त्याच मुलींमध्ये पवित्र आत्म्याचे मोठे संजीवन झाले, त्याचा बोलबाला जगभर पसरला. पण वाचकहो, हे ध्यानात घ्या की, संजीवनाच्या दिवसांतही जाती फिरत होती आणि मोट चालत होती.

शेवटचे बांधकाम

रमाबाईंचे अखेरचे बांधकाम शब्दांचे होते. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र आणण्याचा त्यांनी संकल्प केला. त्यासाठी इब्री आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. संस्कृतची सारी श्रीमंती हाताशी असूनही त्यांनी बोजड शब्द बाजूस सारले, हा त्यांचा त्याग लहान मानू नये. मुक्तीत स्वतःचा छापखाना होता. अक्षरे जुळविणे, छपाई, बांधणी ही कामे तेथील मुली शिकल्या. ज्या एकेकाळी अन्नासाठी हात पसरत होत्या, त्यांचेच हात आता देवाचे वचन छापू लागले.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा प्रभूमध्ये निद्रिस्त झाली. ज्या लेकीच्या हाती सारे सोपवावयाचे, तीच आधी गेली. त्या मातेने दुःख गिळले आणि भाषांतराचे काम पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण मराठी पवित्र शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. मुक्तीचे कार्य आजही केडगाव येथे सुरू आहे.

वाचकहो, आपल्या मंडळ्यांत आज शिकलेल्यांची संख्या पुष्कळ आहे, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानावे. पण हाताने काम करणाऱ्यास आपण कोठे बसवितो? मंदिर झाडणारा, स्वयंपाक करणारी, बागेला पाणी घालणारा यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का? नासरेथच्या सुताराची आपण उपासना करतो. स्वतः तंबू शिवून पोट भरणाऱ्या पौलाची पत्रे वाचतो. तरीही आपल्या लेकरांनी हातांना माती लागू देऊ नये, असे मनात कोठेतरी धरून असतो. ज्या घरात विद्या होती पण श्रम नव्हते त्या घराचे काय झाले, हे रमाबाईंनी पाहिले होते. म्हणून त्यांनी आपल्या मुलींच्या एका हाती पुस्तक दिले आणि दुसऱ्या हाती खुरपे.

कधी दौंडहून पुण्याकडे जाणे झाले तर केडगाव स्टेशनावर अवश्य उतरा. मंदिराच्या भिंतींवरून हात फिरवा. मध्यप्रांतातून आलेल्या ज्या मुलींची नावे आज कोणास ठाऊक नाहीत, त्यांचे स्मरण करा. आणि परत जाल तेव्हा आपल्या मंडळीत, आपल्या अंगणात, जे काम हाताशी येईल ते प्रभूसाठी म्हणून करा. त्याच्या दृष्टीने कोणतेही काम हलके नाही.