विश्लेषण : उभ्या गाडीतून उडणारे पेट्रोल आणि अननसाच्या वासाचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ

मे महिन्यात भोकरदन तालुक्यातील हसनाबादला पारा चाळिशीपार जातो. अशा दुपारी सावली न मिळालेली एखादी जुनी मारुती ८०० रस्त्याकडेला तापत उभी असते. इंजिन बंद, चावी मालकाच्या खिशात. तरीही शेजारून जाताना पेट्रोलचा वास येतो. गळती कुठे दिसत नाही, खाली थेंबही पडलेला नसतो. याच गाडीचे पीयूसी प्रमाणपत्र मात्र चालू असू शकते. कारण पीयूसीच्या यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये जाते आणि तपासणी इंजिन सुरू ठेवून होते. उभ्या, बंद गाडीतून काय उडून जाते, हे त्या यंत्राला कळतच नाही.

हा नुसता वास नसून प्रदूषण आहे, हे जगाला दाखवून देणारा माणूस मोटारींचा तज्ज्ञ नव्हता. तो वनस्पतींचा रसायनशास्त्रज्ञ होता, आणि त्याच्याकडे हे काम आले ते भाजीपाल्याच्या नुकसानीमुळे. त्याचे नाव आरी हागेन-स्मिट.

टाकसाळीतल्या रसायनतज्ज्ञाचा मुलगा

हागेन-स्मिट यांचा जन्म २२ डिसेंबर १९०० रोजी नेदरलँड्समधील उट्रेख्ट शहरात झाला. वडील तिथल्या सरकारी टाकसाळीत रसायनतज्ज्ञ होते. आरी यांनी उट्रेख्ट विद्यापीठातूनच १९२९ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि वनस्पतींच्या वाढीला चालना देणाऱ्या संप्रेरकांवर काम सुरू केले. १९३६ मध्ये ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील कॅलटेक या संस्थेत रुजू झाले आणि अखेरपर्यंत तिथलेच झाले.

चाळीसच्या दशकात त्यांचा हातखंडा विषय होता वास आणि चव. जालन्याची मोसंबी सोलली की घरभर जो वास पसरतो, तो सालीतून उडालेल्या अतिसूक्ष्म तैलकणांचा असतो. असे उडून जाणारे पदार्थ पकडायचे, वेगळे करायचे आणि कोणत्या रेणूमुळे कोणता वास येतो ते ठरवायचे, असे ते काम. अननस, कांदा, वाईन अशा अनेक वासांच्या मागे ते लागले होते. त्यांची पद्धत साधी पण चिकाटीची होती. वाफ अतिशय थंड केलेल्या नळ्यांतून न्यायची, म्हणजे तिच्यातले पदार्थ गोठून नळीत अडकतात. अननसाच्या अभ्यासासाठी त्यांना काही टन फळे लागली. एवढ्या ढिगातून हाती येणारा अर्क अगदी थोडा असे. हवेत तरंगणारे नगण्य पदार्थ हुडकण्याची ही सवयच पुढे कामाला आली.

शेतकऱ्यांची तक्रार

लॉस एंजेलिस आणि पासाडेनाचा परिसर तेव्हा संत्र्यांच्या बागांसाठी आणि भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध होता. जुलै १९४३ मध्ये शहरावर असे दाट धुरकट आवरण पसरले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे बसले. महायुद्धाचा काळ असल्याने शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी अफवाही उठली. मग कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर ठपका आला. तिथले काम थांबले तरी धुरके हटले नाही. १९४७ मध्ये लॉस एंजेलिस परगण्यात हवा प्रदूषण नियंत्रण यंत्रणा स्थापन झाली. तिने आधी कारखान्यांचा धूर आणि गंधक यांवर लक्ष दिले, कारण प्रदूषण म्हणजे कोळशाचा काळा धूर, हीच तोवरची समजूत होती. लंडनमध्ये ती खरीही होती. लॉस एंजेलिसमध्ये गंधक कमी झाले, पण डोळ्यांची चुरचुर कायम राहिली.

दरम्यान शेतकरी वेगळेच काही दाखवत होते. पालक, बीट, लसूणघास यांच्या पानांना चंदेरी किंवा तपकिरी झाक येत होती आणि पाने मरत होती. कीड नाही, बुरशी नाही. गंधकाच्या धुराने पान जळते तसा हा डागही नव्हता. वनस्पतींचा जाणकार म्हणून हागेन-स्मिट यांना विचारणा झाली.

त्यांनी अननसाची युक्ती शहराच्या हवेवर वापरली. बाहेरची हजारो घनफूट हवा ओढून थंड नळ्यांतून नेली. नळीत साचला तो थोडासा तपकिरी, उग्र वासाचा द्रव. त्यात ऑक्सिजनशी अर्धवट संयोग झालेले सेंद्रिय पदार्थ होते. असे पदार्थ थेट कुठल्या धुराड्यातून येत नाहीत, ते हवेतच तयार झालेले असणार. कच्चा माल कुठून आला, याचे उत्तर शोधताना ते पेट्रोलच्या वाफांपर्यंत पोहोचले.

ऊन, वाफ आणि ओझोन

त्यांनी मांडलेले गणित असे. इंजिनातील उष्णतेमुळे हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. त्यांपैकी नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडले की त्यातून ऑक्सिजनचा एक अणू सुटतो. तो हवेतल्या ऑक्सिजनला चिकटला की ओझोन तयार होतो. एरवी हा ओझोन लगेच उलट दिशेने खर्च होऊन जातो. पण हवेत न जळलेल्या पेट्रोलची वाफ असेल, तर ती मध्ये पडते. ओझोन खर्च न होताच नायट्रोजन डायऑक्साइड पुन्हा तयार होत राहतो आणि ओझोन साचू लागतो. उंच वातावरणातला ओझोन आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो, पण श्वासाच्या उंचीवरचा फुप्फुसाला आणि पानाला इजा करतो.

हे दाखवण्यासाठी त्यांनी बंदिस्त पारदर्शक कक्षात पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सोडून त्यांवर प्रकाश टाकला. झाडांवर तसेच डाग पडले, माणसांचे डोळे तसेच चुरचुरले. ओझोन मोजायला त्यांनी आणखी सोपे साधन वापरले, ते म्हणजे रबराची वाकवून ताणलेली पट्टी. ओझोनमुळे ताणलेल्या रबराला भेगा पडतात. पहिली भेग किती मिनिटांत दिसते, यावरून ओझोनचा अंदाज येई. लॉस एंजेलिसमधील टायर लवकर का तडकतात, याचेही उत्तर त्यात होते.

१९५० च्या सुमारास त्यांनी हे निष्कर्ष जाहीर केले आणि तेल उद्योग अस्वस्थ झाला. उद्योगाच्या पैशातून काम करणाऱ्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी त्यांचे म्हणणे खोडून काढायचा प्रयत्न केला. एका संशोधकाने तर कॅलटेकमध्येच येऊन, त्यांच्यासमोर, त्यांच्या प्रयोगांवर शंका घेतली. तोवर हागेन-स्मिट पुन्हा फळांच्या वासाकडे वळण्याच्या बेतात होते. या प्रसंगाने ते भडकले. वासांचे काम बाजूला पडले आणि उरलेले आयुष्य धुरक्याकडे गेले. ती शंका घेतली गेली नसती तर कदाचित ते अननसाकडेच परतले असते. दशक संपेपर्यंत इतर प्रयोगशाळांनीही त्यांच्या मांडणीला दुजोरा दिला.

मोटारीत काय बदलले?

आधी नजर तेलशुद्धीकरण कारखान्यांतील साठवण टाक्यांवर गेली आणि त्यांची वाफ अडवणे सुरू झाले. १९५७ मध्ये घरोघरच्या परसातील कचरा जाळण्याच्या भट्ट्या बंद झाल्या. मोटारींची पाळी नंतर आली. नियंत्रण नसलेल्या जुन्या गाडीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनचा साधारण तीन पंचमांश भाग सायलेन्सरमधून येई. उरलेला भाग इंजिनाच्या क्रँककेसमधून आणि टाकी-कार्बोरेटरच्या बाष्पीभवनातून जाई. म्हणजे सायलेन्सर कितीही स्वच्छ केला तरी काम अर्धवटच राहत होते.

१९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातील नव्या गाड्यांत क्रँककेसचा वायू परत इंजिनात नेणारा व्हॉल्व्ह आला. टाकी आणि कार्बोरेटरची वाफ अडवण्याची सक्ती कॅलिफोर्नियात १९७० च्या मॉडेलपासून आणि पुढच्या वर्षी सगळ्या अमेरिकेत झाली. त्यातून जन्मला तो कोळशाचा डबा, गॅरेजच्या भाषेत कॅनिस्टर.

पेट्रोलची टाकी दिवसा तापली की आतली वाफ फुगते. गरम इंजिन बंद केल्यावर कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोलही उडू लागते. जुन्या रचनेत ही वाफ सरळ बाहेर जाई. नव्या रचनेत टाकीचे झाकण हवाबंद असते आणि वाफ नळीने कॅनिस्टरमध्ये जाते. कॅनिस्टरमध्ये सक्रिय कोळसा असतो. त्याला इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे चिमूटभर कोळशात सुमारे १० गुंठ्यांचे रान! वाफेचे रेणू या पृष्ठभागाला चिकटून राहतात. इंजिन सुरू झाल्यावर त्याच्या ओढीमुळे कॅनिस्टरमधून ताजी हवा खेचली जाते. चिकटलेली वाफ सुटून इंजिनात जाते आणि जळते. कोळसा पुन्हा रिकामा होतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत ही वाट उघडणारा व्हॉल्व्ह इंजिनाच्या ओढीवर किंवा तापमानावर चाले, इंजेक्शनच्या गाड्यांत तो संगणक चालवतो.

भारतात पेट्रोल मोटारींसाठी बाष्प उत्सर्जनाची मर्यादा नव्वदच्या दशकात आली, एका चाचणीत २ ग्रॅम. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी बंदिस्त कक्षात उभी करून ही चाचणी होते. २०१७ पासून बीएस-४ दुचाकींनाही कॅनिस्टर आला. मोटारसायकलच्या चौकटीला लावलेला तो छोटा काळा डबा हाच.

जुन्या गाडीत बिघडते काय?

कोळसा सहसा लवकर मरत नाही, आधी रबर जाते. उन्हाने, वयाने आणि ओझोनने नळ्यांना भेगा पडतात, ज्या भेगा हागेन-स्मिट मिनिटांत मोजत होते. दुसरे ठिकाण टाकीचे झाकण. मूळ झाकण हरवले की बाजारातले साधे, हवा सोडणारे झाकण लागते आणि सगळी व्यवस्था निकामी होते. तिसरे कारण चालकाचेच. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही टाकी काठोकाठ भरायची हौस. वाफेसाठी राखलेली जागा संपते, पातळ पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरते आणि कोळसा भिजतो. मग पेट्रोल भरल्यावर गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि वास येत राहतो.

कॅनिस्टर काढून टाकला की ॲव्हरेज वाढतो, असा समज दुचाकीस्वारांत पसरलेला आहे. तो उलटा आहे. कॅनिस्टर उडणारे पेट्रोलच परत इंजिनाला देतो. तो काढला तर तेवढे पेट्रोल हवेत जाते. बंदिस्त जागेत, ठिणगीजवळ ही वाफ आगीचेही कारण ठरू शकते. त्यामुळे वास येत असेल तर झाकण आणि नळ्या आधी बघाव्यात, आणि नळी बदलताना पेट्रोलसाठी बनलेलीच घ्यावी. पाण्याची साधी नळी पेट्रोलने फुगते.

हसनाबादची हवा लॉस एंजेलिससारखी नाही, हेही खरे. इथे डोंगरांनी कोंडलेले खोरे नाही आणि लाखो मोटारीही नाहीत. पण तेवढेच ऊन छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबईतही पडते, आणि तिथे एकाच पार्किंगमध्ये शेकडो गाड्या तापत असतात.

अखेरची वर्षे

कॅलिफोर्नियाने राज्यासाठी १९६७ मध्ये एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन केले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. रोनाल्ड रेगन तेव्हा गव्हर्नर होते. प्रयोगशाळेत सिद्ध केलेली गोष्ट मोटार कंपन्यांकडून अमलात आणून घेण्याचे काम आता त्यांच्याच टेबलावर आले. हे पद त्यांनी १९७३ पर्यंत सांभाळले आणि त्याच वर्षी त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक जाहीर झाले. एल माँटे येथील बोर्डाच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १७ मार्च १९७७ रोजी, फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव दिलेल्या त्या इमारतीत पुढे अनेक वर्षे मोटारी तपासल्या जात होत्या.