डार्विन, कोंबड्या आणि मामाची मुलगी

चार्ल्स डार्विनचं लग्न २९ जानेवारी १८३९ रोजी एमा वेजवूडशी झालं. एमा त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच समजत. इंग्लंडातल्या सुखवस्तू घरांतही अशा लग्नांचं कुणाला नवल नव्हतं. पुढच्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाने आपल्या मामेभावाशी लग्न केलं. डार्विनची बहीण कॅरोलाइनही एमाच्याच भावाला दिलेली होती. पैसा आणि माणसं घरातल्या घरात राहत, एवढाच हिशेब.

डार्विनचे वडील डॉक्टर. मुलालाही त्यांनी वैद्यकी शिकायला एडिंबरोला धाडलं, पण भूल नसलेल्या काळातली शस्त्रक्रिया त्याला बघवली नाही आणि त्याने शिक्षण सोडलं. (मी त्याला दोष देणार नाही.) १८३१ ते १८३६ बीगल जहाजावर जगप्रवास झाला, तो सर्वांना ठाऊक आहे. मला त्यानंतरचा डार्विन जास्त आवडतो. केंट परगण्यात डाउन नावाच्या खेड्यात घर करून राहिलेला, सतत आजारी, आणि कबुतरं-कोंबड्या पाळणाऱ्यांशी तासन्‌तास बोलणारा.

१८५५ पासून त्याने स्वतः कबुतरं पाळली. कोंबड्यांच्या बाबतीत टेगेटमायर हा लंडनचा जाणकार त्याचा सल्लागार होता. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातला एडवर्ड ब्लिथ हिंदुस्थानातल्या पक्ष्यांची माहिती लांबलचक पत्रांतून कळवत असे. पाळीव कोंबड्यांचा पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा, या निष्कर्षावर डार्विन आला, आणि तो बहुतांशी बरोबर ठरला. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याचाही त्यात वाटा आहे, कोंबडीच्या कातडीचा पिवळेपणा त्याच्याकडून आला, हे कळायला २००८ साल उजाडावं लागलं.

१८६८ साली पाळीव प्राणी आणि वनस्पतींवरचा त्याचा दोन खंडांचा ग्रंथ आला. त्यात पाळणाऱ्यांचे अनुभव खच्चून भरले आहेत. सर जॉन सेब्राइट यांनी घरच्या घरात पैदास करून देखण्या पिसांची बुटकी कोंबडी तयार केली. पण पुढे त्या जातीत वांझपणा आला. झुंजीचे कोंबडे पाळणाऱ्या एकाने वर्षानुवर्षं आपल्याच खुराड्यातली पैदास चालू ठेवली. कोंबडे वजनाला घटले, इतके की मोठ्या बक्षिसांच्या वजनी गटात बसेनात, आणि झुंजायचंच विसरले. दुसऱ्याकडचं रक्त आणल्यावर वजन आणि जिगर दोन्ही परत आली. असे दाखले जमवून डार्विनने सांगितलं की जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं नुकसान हळूहळू साचतं, म्हणून ते पटकन ध्यानात येत नाही.

कारण मात्र त्याला सापडलं नाही. ते असं: प्रत्येक जीवात काही सदोष जनुकं दडलेली असतात. जोडीतलं दुसरं जनुक चांगलं असेल तर दोष झाकला जातो. आई-बाप एकाच घरातले असले की दोघांकडून तेच सदोष जनुक पिल्लात येण्याची शक्यता वाढते. ती मोजण्याची रीत अमेरिकेच्या सूअल राइटने १९२२ साली दिली (त्याचे आईवडीलही चुलत-मामे नात्यातलेच!). सख्ख्या भावा-बहिणीच्या पिल्लांत हा आकडा चारात एक, मामे-आतेभावंडांच्या मुलांत सोळात एक.

परसातल्या खुराड्याला हेच लागू पडतं. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या म्हणजे डोकी अकरा. पण राइटच्याच सूत्राने जनुकांच्या हिशेबात ती चारसुद्धा भरत नाहीत, कारण सगळ्या पिल्लांचा बाप एकच. आणखी दहा कोंबड्या घेतल्या तरी आकडा जेमतेम हलतो. त्याऐवजी दुसरा, बिननात्याचा कोंबडा ठेवला तर तो साडेसहाच्या वर जातो. आपल्याकडे होतं काय, तर त्याच कोंबड्याचा रुबाबदार मुलगा राखला जातो आणि त्याच्या बहिणींतच सोडला जातो. चार-पाच पिढ्यांत अंडी रिकामी निघू लागतात, पिल्लं अंड्यातच मरतात, आणि दोष खुडूक कोंबडीला लागतो. दर वर्षा-दोन वर्षांनी लांबच्या गावचा कोंबडा आणावा. आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा, नाहीतर रक्त नवं आणि सोबत मानमोडी.

डार्विनला हा प्रश्न खुराड्यापुरता ठेवता आला नाही. त्याला दहा मुलं झाली, त्यातली तीन लहानपणी गेली. दहा वर्षांची लाडकी ॲनी १८५१ साली गेली, तो घाव कधीच भरला नाही. उरलेल्यांतलं कुणी आजारी पडलं की आपल्या नात्याचंच हे फळ, ही शंका त्याला खाई. १८६६च्या सुमारास त्याने रोपांवर प्रयोग सुरू केले आणि अकरा वर्षं चालवले. स्वतःच्याच परागाने झालेली रोपं बहुधा खुजी निघत, बीही कमी धरत.

माणसांचं काय, हे कळायला आकडे हवेत. १८७१च्या जनगणनेत नवरा-बायको एकमेकांचे चुलत-मामे भावंड आहेत का, एवढा एक प्रश्न घालावा, असं त्याने १८७० मध्ये खासदार मित्र जॉन लबक याच्यामार्फत सुचवलं. पार्लमेंटने ते धुडकावलं. १८७१च्या त्याच्या पुस्तकाच्या शेवटी हा राग उमटला आहे. मग मुलगा जॉर्जने मिळतील ते आकडे गोळा करून १८७५ साली मांडले: तोटा असलाच तर थोडा. बापाला किती हायसं वाटलं असेल! जॉर्ज, फ्रान्सिस आणि होरेस हे तिघे पुढे रॉयल सोसायटीचे फेलो झाले. मात्र लग्न झालेल्या सहा मुलांपैकी तिघांना मूल झालं नाही. डार्विन १९ एप्रिल १८८२ रोजी गेला.

त्याला हवा होता तो आकडा आज आपल्याकडे आहे. कोणत्याही जोडप्याला गंभीर जन्मजात दोषाचं मूल होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते. मामे-आते किंवा चुलत भावंडांत ती साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुसंख्य मुलं निरोगीच जन्मतात. सख्ख्या मामा-भाचीच्या लग्नात धोका याहून जास्त, आणि त्याच दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत असतील तर तो साचत जातो. बाह्यरुग्ण विभागात विचारल्याशिवाय हे नातं कुणी सांगत नाही. लग्न ठरतानाच, निदान गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत तरी, ते डॉक्टरांना सांगावं आणि दोघांचीही थॅलेसेमिया व सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्यावी. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या कुटुंबांनी तर नक्कीच.