शिरढोणचा वाडा

पनवेलहून गोवा हायवेने कर्नाळ्याला निघालं की अभयारण्याच्या अलीकडे शिरढोण गाव लागतं. ट्रेकला जाणारे आपण बहुतेक जण तिथे थांबतच नाही. पण आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा वाडा याच गावात जतन केलेला आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांचा जन्म शिरढोणला झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांनी घेतला. त्यामुळे घराण्याच्या हातून गेलेला किल्ला आणि त्याचा तो अंगठ्यासारखा सुळका वासुदेव लहानपणापासून बघतच मोठे झाले.

पुढे ते पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून झाले. म्हणजे अगदी आपल्यासारखीच सेटल होण्याची लाइन! पण आई शेवटच्या आजारात असताना त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही. घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. तो घाव त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. न्यायमूर्ती रानड्यांची भाषणं ऐकून देश गरीब का होतोय हे त्यांना कळत होतं, आणि लहुजी वस्तादांच्या तालमीत शरीर तयार होत होतं. भावे आणि इंदापूरकर यांच्यासोबत त्यांनी १८६० मध्ये पुण्यात शिक्षणसंस्थाही काढली. तीच आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी.

१८७६-७७ च्या दुष्काळात माणसं उपाशी मरत होती. ते पाहिल्यावर मात्र त्यांच्याने गप्प बसवेना. फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोशी साथीदारांना घेऊन त्यांनी बंड पुकारलं. फौज उभी करायची तर पैसा हवा, म्हणून सावकारांवर छापे सुरू झाले. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी पळस्पे आणि चिखलीला छापे घातले. हो, आपण एसटीची वाट बघतो तेच पळस्पे, शिरढोणपासून अगदी जवळ! पण लूट घेऊन परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने दौलतरावांना गाठून ठार केलं, आणि बंडाचा कणाच मोडला.

२० जुलै १८७९ ला देवर नावडगी गावात आजारी वासुदेव झोपेत पकडले गेले. सार्वजनिक काकांनी त्यांची केस लढवली, तरी जन्मठेप झालीच. एडनच्या तुरुंगातून ते एकदा दार बिजागऱ्यांसकट उखडून निसटले, पण पुन्हा सापडले. शेवटी तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. वय फक्त ३७.

ते परत शिरढोणला येऊ शकले नाहीत, वाडा मात्र उभा आहे. मित्रांनो, पुढच्या ट्रेकला गाडी दहा मिनिटं तिथे थांबवूया!