लुई ब्रेल: सहा ठिपके, दोनशे वर्षांचा सपोर्ट

तुमच्या फोनवर नवीन अँड्रॉइडचं अपडेट आलं की तुम्ही काय करता? रात्री चार्जिंगला लावता, बटण दाबता आणि झोपून जाता. मला ते जमत नाही. मला दिसत नाही, आणि माझी कॉलेजपासूनची सगळी टिपणं एका ब्रेल नोटटेकरमध्ये आहेत. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना बोलणारा आवाज बंद होतो, ब्रेल पट्टीवरच्या पिना खाली बसतात. यंत्र काम करतंय की कायमचं गेलं, तेच कळत नाही.

नोटटेकर म्हणजे ब्रेल कळा आणि बोटांनी वाचायची पट्टी असलेला छोटा कॉम्प्युटर. पूर्वी त्यात साध्या, बंदिस्त सिस्टिम असायच्या. आता बऱ्याच यंत्रांत अँड्रॉइड असतं. उदाहरणार्थ, 2016 मध्ये आलेल्या ब्रेलनोट टचमध्ये अँड्रॉइड 4.4 होतं, म्हणजे 2013 चं! पुढे ब्रेलनोट टच प्लसमध्ये 8.1 आलं. जुन्या व्हर्जनवर ॲप एकेक करून चालेनाशी होतात, म्हणून अपग्रेड टाळताही येत नाही.

परवा तसंच यंत्र हातात धरून बसले होते, तेव्हा लुई ब्रेल आठवला. त्याचं सगळं आयुष्य एका अपग्रेडमध्ये गेलं.

तीन वर्षांचा मुलगा आणि आरी

लुईचा जन्म 4 जानेवारी 1809 चा, पॅरिसजवळच्या कुव्रे गावातला. वडील घोड्यांचा चामडी साज बनवायचे. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कारखान्यात खेळता खेळता आरी घेऊन बसला. ती डोळ्यात घुसली, जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही संसर्ग झाला. पाचव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेली.

दहाव्या वर्षी, 1819 मध्ये, तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत गेला. तिथे पुस्तकं होती, पण नेहमीचीच छापील अक्षरं मोठी करून कागदावर उठवलेली. पुस्तकं प्रचंड जड, आणि एकेक अक्षर बोटाने चाचपायचं. मुख्य अडचण वेगळीच होती: ती अक्षरं मुलांना स्वतः लिहिता येत नव्हती. आजच्या भाषेत सांगायचं तर सगळं 'रीड ओन्ली'.

बारावरून सहा

मग शार्ल बार्बिये नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याची ठिपक्यांची लिपी शाळेत आली. तिच्यात बारा ठिपके होते, आणि ते उच्चारांसाठी होते. स्पेलिंग नाही, विरामचिन्हं नाहीत. शिवाय एक चिन्ह एका बोटाखाली मावायचं नाही.

लुईने ठिपके निम्मे केले: दोन उभ्या ओळी, प्रत्येकी तीन ठिपके. एका स्पर्शात पूर्ण अक्षर कळतं. सहा ठिपक्यांतून 63 वेगवेगळी चिन्हं होतात, म्हणजे अक्षरं, आकडे, संगीत सगळं बसतं. 1824 मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याची पद्धत जवळपास तयार होती. 1829 मध्ये ती छापून आली. पहिल्या व्हर्जनमध्ये काही ठिकाणी ठिपक्यांबरोबर रेघाही होत्या. त्या लिहायला अवघड जात होत्या, म्हणून 1837 च्या सुधारित आवृत्तीत काढल्या. वापरणाराच बनवणारा असला की असे बग लवकर सापडतात.

अपग्रेडवर बंदी

लुई त्याच शाळेत शिक्षक झाला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. पण 1840 मध्ये नवे संचालक आले आणि त्यांनी ठिपक्यांवर बंदी घातली. डोळसांना वाचता येणारी अक्षरंच त्यांना हवी होती. मुलं लपून ठिपक्यांतच लिहीत राहिली. शेवटी त्यांच्याच सहायकाने त्यांचं मन वळवलं आणि 1844 मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला ब्रेलचं जाहीर प्रात्यक्षिक झालं.

लुईला मात्र क्षयाने गाठलं होतं. 6 जानेवारी 1852 ला तो गेला, वय फक्त 43. फ्रान्सने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती 1854 मध्ये. त्याला ते कळलंच नाही.

त्यानंतर वरची यंत्रणा कितीदा बदलली! पाटी आणि स्टायलस, मग टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. कॉम्प्युटरसाठी खाली दोन ठिपके वाढले, पण वरचे सहा तसेच राहिले. भारतीय भाषांची भारती ब्रेलही त्यांच्यावरच उभी आहे. मराठी 'क' आणि इंग्रजी 'के' यांचे ठिपके एकच आहेत.

आणि माझं अपग्रेड?

टिपणं मेमरी कार्डावर घेतली, कार्ड बाहेर काढलं. बॅटरी पूर्ण भरली, चार्जर लावूनच ठेवला. परीक्षा जवळ नाही ना, तेही पाहिलं. माझ्या यंत्राला छोटी स्क्रीन आहे, म्हणून धाकट्या भावाला शेजारी बसवलं. तो स्क्रीनवरचं वाचून सांगत होता, मी पट्टीवर बोटं ठेवून थांबले होते. बराच वेळ काहीच नाही. मग पिना टकटक करत वर आल्या. मेनू बदललेला होता, अक्षरं तीच होती.

तुमच्या ओळखीत कुणी नोटटेकर वापरत असेल, तर अपडेटच्या दिवशी थोडा वेळ शेजारी बसा. बटण मात्र त्यांनाच दाबू द्या.