काचेला वेग देणारा जवाहिर

जुन्या मोटारींचे जतन करणाऱ्यांना इंजिनाचे सुटे भाग एक वेळ मिळतात. गाडे अडते ते तिच्या अलंकारांपाशी. दारांच्या आतील नक्षीदार पट्ट्या, मुठी आणि रेडिएटरच्या झाकणावरील मानचिन्ह जसेच्या तसे पुन्हा उभे करणे हे जिकिरीचे काम. त्यातही सर्वांत नाजूक ठरतात ती काचेची मानचिन्हे. ती घडविणारे रेने लालिक मुळात मोटारींच्या दुनियेतले नव्हतेच. ते जवाहिर होते.

फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातील आय या गावी ६ एप्रिल १८६० रोजी त्यांचा जन्म झाला. १८७६ मध्ये वडील गेले आणि कोवळ्या वयात त्यांना पॅरिसमधील लुई ओकोक या जवाहिराकडे उमेदवारी करावी लागली. पुढे दोन वर्षे इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेऊन ते परतले आणि १८८५ मध्ये त्यांनी स्वतःची कार्यशाळा उभारली. दागिन्याचे मोल हिऱ्यांच्या वजनावर ठरण्याच्या त्या काळात लालिक यांनी शिंग, मीना आणि काच यांसारखी साधी द्रव्ये हाती घेतली. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनाने त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेले. विख्यात अभिनेत्री सारा बर्नहार्ट त्यांचे दागिने वापरत असे.

कीर्तीपाठोपाठ नकलाही आल्या. अशा वेळी जम बसलेला व्यवसाय सोडून नव्याने आरंभ करणे सोपे नव्हते. परंतु पन्नाशीच्या उंबरठ्यावर लालिक काचेकडे वळले. फ्रान्स्वा कोती यांच्या अत्तरांसाठी त्यांनी कुप्या घडविल्या. १९२१ मध्ये अल्सास प्रांतातील विंगेन-सुर-मोदेर येथे त्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. साच्यात दाबून घडविलेली काच जवाहिराच्या बारकाईने पुरी करायची, ही त्यांची रीत. एकाच्या गळ्यातली कला त्यामुळे अनेकांच्या घरात पोहोचली.

१९२५ मध्ये सित्रोएन कंपनीच्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीसाठी त्यांनी एकापुढे एक झेपावणारे पाच घोडे काचेत उतरविले. त्यानंतर १९३१ पर्यंत पंचवीसहून अधिक मानचिन्हे त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडली. चतुर, गरुडाचे मस्तक, कोंबडा, तसेच वाऱ्याने केस मागे फेकले गेलेली १९२८ ची ‘व्हिक्तुआर’ ही त्यांतील काही. धातूच्या बैठकीत दिवा बसवून ती खालून उजळविता येत. १९२९ च्या ‘कोत द’अझ्युर’ पुलमन आगगाडीच्या डब्यांतील भिंतींवरही त्यांच्या काचेच्या आकृती विराजमान झाल्या.

याच कलाकृती आज जीर्णोद्धार करणाऱ्यांची कसोटी पाहतात. रस्त्यावरचा खडा लागून काचेचा टवका उडाला, तर कड घासून गुळगुळीत करण्याचा मोह होतो. पण त्याने मूळ रेषा कायमची पुसली जाते. बैठकीचा स्क्रू अधिक आवळला तरी काच तडकण्याची भीती. जुन्या काचेतील मँगनीजमुळे उन्हात येणारी जांभळट छटाही अनेक जाणकार वयाची खूण म्हणून जपतात. स्वाक्षरी पाहणे तर अत्यावश्यक. लालिक यांच्या हयातीतील वस्तूंवर नावाआधी ‘आर’ हे आद्याक्षर असे. त्यांच्या निधनानंतर ते गळाले. अर्थात बनावट स्वाक्षऱ्याही असल्याने केवळ तिच्यावर विसंबून चालत नाही.

उत्तरायुष्य मात्र कष्टी गेले. रेडिएटरचे झाकण बॉनेटखाली दडू लागले आणि मानचिन्हांची हौस ओसरली. ज्या ‘नॉर्मांदी’ जहाजाचे भोजनगृह त्यांच्या काचेने १९३५ मध्ये उजळले होते, ते १९४२ मध्ये न्यूयॉर्क बंदरात आगीत सापडले. १९४० पासून अल्सास जर्मनांच्या ताब्यात गेल्याने कारखानाही हातचा गेला. मे १९४५ मध्ये, युरोपातील युद्ध संपत असतानाच, पंच्याऐंशी वर्षांच्या लालिक यांनी जगाचा निरोप घेतला. कारखान्याची भट्टी पुन्हा पेटलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ती पेटविली पुत्र मार्क यांनी.

मोटारीच्या अग्रभागी, धूळ आणि खड्यांच्या माऱ्यात, काचेसारखे नाजूक द्रव्य ठेवण्याचे धाडस या जवाहिराने केले. त्यांतील जी शिल्पे वाचली, ती आज मोटारींवर क्वचितच दिसतात. बहुतेक संग्रहालयांच्या आणि संग्राहकांच्या कपाटांत सुरक्षित आहेत.